आक्काताईंचं सांगलीचं बिऱ्हाड

आक्काताई स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा अण्णासो बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. आधी भांडं पडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ काहीतरी जड आदळलं आणि मग नुसता नळ वाहत राहिला.

"काय पाडलंस गं?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं ते आत गेले, खाली बसले आणि फरशीवरून हात फिरवू लागले. आधी पाणी लागलं, मग बायकोचा खांदा.

अण्णासोंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्याला बरीच वर्षं झाली होती. घरातली एकूण एक वस्तू त्यांच्या हाताला ठाऊक होती, पण मोबाईल तेवढा रोज नव्या जागी असायचा, तो काही सापडेना. शेवटी दार उघडून त्यांनी समोरच्या शबनूरला हाक मारली. शबनूर घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन तसंच टाकून ती धावत आली, आक्काताईंच्या जिभेवर साखर ठेवली आणि रिक्षा बोलावून त्यांना मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. आक्काताईंनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि वर खायचं राहून गेलं होतं, एवढंच झालं होतं. तासाभरात त्या बोलायला लागल्या. पण तोपर्यंत शबनूरनं सांगलीला दीप्तीला फोन केला होता.

दीप्ती ही त्यांची एकुलती एक लेक. सांगलीत विश्रामबागेत राहायची, तिथल्याच एका शाळेत शिकवायची. नवरा प्रसेनजीत पाटबंधारे खात्यात. दोघं दिवस मावळायच्या आत कोल्हापुरात हजर झाले. दीप्तीनं आईला बघितलं, वडलांना बघितलं आणि पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "आता बास झालं. आमच्या खालचा फ्लॅट रिकामा हाय. तुम्ही दोघं सांगलीला यायचं."

आक्काताईंनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. "यांचं कसं व्हायचं तितं?" असं त्या दरवेळी म्हणायच्या आणि विषय तिथंच थांबायचा. पण या खेपेला अण्णासोच आधी बोलले.

"जाऊया," ते म्हणाले.

त्या एका शब्दाचं आक्काताईंना दडपण आलं. नवरा मनाविरुद्ध बोलला, आपण पडलो म्हणून बोलला, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आक्काताई समुद्रे सरकारी दवाखान्यात आया होत्या. वॉर्डातल्या खाटा, बेडपॅन, चादरी यांत त्यांची सगळी नोकरी गेली. अण्णासो बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर. ते तिकडं कारखान्याच्या खोलीत राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. आले की एक रात्र राहायचे, दीप्तीला खांद्यावर घेऊन बागेत न्यायचे, सकाळच्या गाडीनं परत. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी आपलं घर म्हणजे अण्णासोंच्या लेखी पाहुणचाराची जागा होती. राजारामपुरीतल्या जुन्या इमारतीतला हा तळमजल्याचा दोन खोल्यांचा संसार आक्काताईंनीच उभा केला होता, आपल्या पगारावर, आपल्या मनासारखा.

मग अण्णासोंचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग दिव्याभोवती रंग दिसायला लागले. डॉक्टरांकडं जायला त्यांनी उशीर केला. नोकरी सुटली आणि ते कायमचे घरी आले ते असे, हात पुढं करून चाचपडत. नवराबायको खऱ्या अर्थानं एकत्र राहायला लागले ते तेव्हापासून.

पहिलं वर्षभर अण्णासो दारांना, कोपऱ्यांना धडकत राहिले. नडग्यांवरचे काळेनिळे डाग बघून आक्काताईंनी एक दिवस ठरवलं की या घरात आता काही हलणार नाही. खाट त्या भिंतीला म्हणजे त्याच भिंतीला. तिच्या उशाशी तांब्या. घरातल्या अरुंद बोळात लोखंडी मांडणी, तिला धरत धरत मोरीपर्यंत जाता येतं. चहाचा कप ओट्याच्या त्याच टोकाला, त्याचा कान उजवीकडं. दीप्ती एकदा सणाला आली आणि तिनं खुर्ची जरा खिडकीकडं ओढली तर आक्काताई तिच्यावर एवढ्या तापल्या की पोरगी रडकुंडीला आली. हळूहळू अण्णासो घरात डोळस माणसासारखे वावरायला लागले. नवा पाहुणा आला तर त्याला पटकन कळायचंही नाही.

आता ते सगळं उचलून सांगलीला न्यायचं होतं.

आक्काताई फ्लॅट बघायला एकट्याच गेल्या. अण्णासोंजवळ शबनूर शिवण घेऊन बसली. सांगलीचा फ्लॅट चांगला होता, उजेडाचा, या घरापेक्षा मोठा. पण सगळं उलटं. इथं दारातून शिरलं की स्वयंपाकघर डावीकडं, तिथं उजवीकडं. मोरी दुसऱ्याच टोकाला. मागच्या गॅलरीला पायरी. दीप्ती नळ सोडून दाखवत होती, कपाटं उघडून दाखवत होती, आणि आक्काताई मधल्या खोलीत डोळे मिटून उभ्या होत्या. तशाच त्या चालायला लागल्या आणि कपाळ चौकटीवर आपटलं.

"आई, काय करतीयास?"

"काय न्हाय," आक्काताई म्हणाल्या, "बगत हुते."

परतीच्या एसटीत जयसिंगपूर येईपर्यंत त्यांनी मनात सगळं मांडून बघितलं. खाट इथं ठेवली तर काय, कपाट तिथं ठेवलं तर काय. काही केल्या जुळेना. मग त्यांना सुचलं की अण्णासोंना आठवडाभर नेसरीला धाडावं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ गुंडू होता, गावचं घर, शेत होतं, भावकीत जीव रमला असता. तेवढ्यात सामान हलवायचं, जमेल तितकं जुन्यासारखं लावायचं, जिथं टोचेल तिथं कापड गुंडाळायचं, मगच त्यांना आणायचं. उगाच पसाऱ्यात त्यांचे हाल नकोत. हा बेत त्यांनी दीप्तीला सांगितला, प्रसेनजीतला सांगितला, शबनूरलाही सांगितला. अण्णासोंना सांगितला नाही. त्यांना वाईट वाटेल, असं त्या धरून चालल्या.

दुपारी अण्णासो जेवून कलंडले की आक्काताई बांधाबांध करायच्या. पितळी डबे चादरीत गुंडाळायचे, काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत, वरून सुतळी. भांडं भांड्याला लागू नये म्हणून मधे वर्तमानपत्र. बांधलेली खोकी खाटेखाली सरकवायची. अण्णासो उठले की चहा, रेडिओ, सगळं रोजच्यासारखं. शबनूर एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "आक्का, त्यांना सांगून करा की. माणूस काय लहान हाय?"

"तुला न्हाय कळायचं," आक्काताई म्हणाल्या. "तोंडानं बोलत न्हाईत ते. आतल्या आत कुढत बसतात."

बोळातली मांडणी गंजून गेली होती. सांगलीच्या फ्लॅटला बोळच नव्हता, तेव्हा ती न्यायचा प्रश्नच नव्हता. दारावर भंगारवाला आला तेव्हा अण्णासो दाढी करायला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं गेले होते. शबनूरचा नवरा त्यांना घेऊन गेला होता. आक्काताईंनी मांडणी देऊन टाकली. आठवडाभरात घर सोडायचंच आहे, मधे तोंडानं सांगून ठेवू, असं त्यांच्या मनात होतं. मग गॅसवर दूध उतू गेलं, ओटा पुसण्यात सांगायचं राहून गेलं.

अण्णासो परत आले आणि हातपाय धुवायला निघाले. नेहमीप्रमाणं हात मांडणीकडं गेला आणि रिकाम्या हवेत पुढं पुढंच जात राहिला. तोल गेला. ते पडले नाहीत, भिंतीला घसटत खाली बसले. आक्काताई धावल्या.

"लागलं का?"

"न्हाय." अण्णासो बसूनच राहिले. भिंतीवर मांडणीची जागा हातानं तपासली. तिथं रंग जरा गुळगुळीत राहिला होता. "मांडणी कुठं हाय?"

"भंगारात दिली."

"आणि डबं?"

आक्काताईंची नजर खाटेकडं गेली.

"खाटंखाली काय भरलंयस एवढं? रात्री कूस बदलली की वाजतंय." अण्णासोंचा आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "आठ दिवस झालं, खोली घुमायला लागलीया. रेडिओचा आवाज पैल्यासारखा येत न्हाय. मला वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. माझ्या घरात काय चाललंय ते मला कोण सांगणार हाय का न्हाय?"

आक्काताई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. उलटा फ्लॅट, गॅलरीची पायरी, नेसरीचा बेत. सांगता सांगता तो बेत त्यांच्याच कानांना कसासाच वाटायला लागला. वॉर्डातल्या पेशंटला न विचारता दुसऱ्या खाटेवर हलवावं, तसं त्या आपल्या नवऱ्याला हलवायला निघाल्या होत्या.

अण्णासोंनी सगळं ऐकून घेतलं. "मला नेसरीला धाडून हितलं घर मोडणार, आणि मला नेऊन थेट तितं ठेवणार," ते म्हणाले. "व्हय?"

"तुमचं हाल नकोत म्हणून."

"मी जाऊया म्हटलं ते काय उगंच म्हटलं?"

"मी पडले म्हणून म्हटलासा."

"व्हय, पडलीस म्हणूनच. तू पडलीस आणि मला फोन घावंना. अजून दुसरं कारण काय पायजे?" खाटेच्या दिशेनं मान वळवून ते म्हणाले, "पण अजून एक हाय. तुला एक विचारू? ही खाट. माझं डोळं गेल्यापासनं तू ती हलवली न्हाईस. तुला कुठं पायजे हुती?"

असं आक्काताईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. पण उत्तर मात्र लगेच आलं, जणू तयारच होतं. "खिडकीखाली. उन्हाळ्यात वारं येतं तितं. मी रात्रभर घामानं भिजती या भिंतीला."

"मग बोलली न्हाईस ते?"

"तुमाला लागलं असतं."

"दोनदा लागलं असतं. तिसऱ्यांदा ठावं झालं असतं." अण्णासो भिंतीला हात लावून उठले. "असं कर. सामान जायच्या आधी मला ते घर दाव. मोकळं असताना. काय बी नसताना. मग तुला जे जितं लावायचं ते लाव."

रविवारी प्रसेनजीत गाडी घेऊन आला. अण्णासोंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंकलीच्या पुलावर टायरांचा आवाज बदलला तसं त्यांनी "कृष्णा आली का?" असं विचारलं आणि काच खाली केली.

फ्लॅटच्या दारात दीप्तीनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला तर आक्काताईंनी तिला खुणेनं थांबवलं. अण्णासो चपला काढून आत गेले. आधी नुसते उभे राहिले. मग खाकरले. खोलीनं आवाज परत दिला तसं त्यांनी डावीकडं मान वळवली. "हितं मोकळं हाय. खिडकी हाय का?"

"हाय, मामा," प्रसेनजीत म्हणाला. "मोठी हाय."

मग ते भिंतीला तळवा लावून निघाले, बोटं पसरून, न थांबता, जसं कारखान्यात यंत्र बंद असताना त्यावरून हात फिरवून तेलगळती शोधायचे तसं. चौकट आली की वर-खाली हात लावून बघायचे. दिव्याची बटणं लागली की एकदा दाबायचे आणि विचारायचे, "कुठला लागला?" मोरीत जाऊन नळ सोडला, फरशीचा उतार पायानं बघितला. गॅलरीची पायरी त्यांना आक्काताईंनी सावध करायच्या आत सापडली, कारण तिथून गार वारा त्यांच्या घोट्यांना लागत होता. पायरीवर ते बसले. पुन्हा उठले, पुन्हा उतरले. एकदा अंदाज चुकला आणि कोपर कठड्यावर आपटलं. दीप्तीच्या तोंडून "आई गं" निघालं.

"असू दे," अण्णासो कोपर चोळत म्हणाले. "ह्यो कठडा आता माझ्या ध्यानात ऱ्हातोय."

आक्काताई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. आपण इतकी वर्षं या माणसाला जपलं, पण त्याला काही शिकताना कधी बघितलं नाही, असं त्यांना वाटलं. पहिल्या वर्षी तो धडपडत होता तेव्हा त्यांची ड्यूटी असायची, आणि नंतर त्यांनी धडपडायला काही ठेवलंच नव्हतं. त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. जरा रागही आला, तो कुणाचा ते कळेना.

"बोल आता," अण्णासो खोलीच्या मधोमध येऊन म्हणाले. "खाट कुठं?"

"खिडकीखाली."

"डोकं कुठल्या अंगाला?"

त्यावर आक्काताईंना विचार करावा लागला. दोघांनी मिळून दुपारभर घर लावलं, नुसतं तोंडानं. कपाट इथं, टेबल तिथं. एकदोन ठिकाणी अण्णासोंनी नको म्हटलं. फ्रिज दाराच्या वाटेत येतोय म्हणाले, तो मागं घ्यायचं ठरलं. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर समोरच्या भिंतीला लावायची, यावर दोघांचं दुमत नव्हतं. दीप्तीनं मधेच वरून जेवण आणलं. फरशीवर वर्तमानपत्र पसरून चौघं जेवले. जेवताना अण्णासो म्हणाले, "बिद्रीची खोली मी अशीच लावलती. ऐन हंगामात गेलतो, नुसती वळकटी आणि स्टो. तू कवा आलीच न्हाईस बघायला."

"मला सुट्टी कुठं हुती?" आक्काताई म्हणाल्या.

"व्हय, तेबी खरं."

सामान पुढच्या आठवड्यात हललं. पिराजी नावाच्या ओळखीच्या माणसानं आपला छोटा हत्ती टेम्पो आणला आणि त्यात सगळं मावेल म्हणून पैज लावली. मावलं नाही. गाद्या दुसऱ्या खेपेला न्याव्या लागल्या. नेसरीहून गुंडू आला होता, त्यानं कपाट एकट्यानं पाठीवर घेतलं आणि नंतर आठवडाभर कंबर धरून बसला. अण्णासो दारात खुर्चीवर बसून होते. जी वस्तू बाहेर निघेल तिला हात लावायचे आणि नाव सांगायचे, आणि आक्काताई आत काय उरलं ते बघायच्या. शेवटी घर मोकळं झालं तेव्हा शबनूर दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडतीस कशाला?" आक्काताई म्हणाल्या. "अमेरिकेला चाललोय का? तास-दीड तासाची वाट."

एवढं बोलून त्या मोकळ्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याचं ते कपाचं टोक पदरानं पुसत उभ्या राहिल्या. ते घर सोडायला जड जाणार कुणाला, याचा हिशेब त्यांनी साफ चुकवला होता.

सांगलीला पहिल्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून वंदना घेतली. दीप्तीच्या इमारतीतली चारदोन माणसं आली, खीर वाटली. मग दिवस सुरू झाले. अण्णासो धडपडले, नाही असं नाही. फ्रिजचा कोपरा त्यांच्या गुडघ्याला दोनदा लागला. एका सकाळी मोरी समजून ते कपाटाचं दार उघडून उभे राहिले आणि स्वतःशीच हसले. पण महिन्याभरात त्यांचा हात सरावला.

आक्काताईंचं बस्तान मात्र बसेना. त्या रोज मीठ शोधायच्या. अंधारात उठल्या की जुन्या अंगाला वळायच्या आणि भिंतीला धडकायच्या. पाण्याची चव आवडेना. भाजीवाली ओळखीची नाही. राजारामपुरीत कुठल्याही दुकानात उभं राहिलं की "काय आक्का?" म्हणणारं कुणीतरी भेटायचं, इथं त्या नुसत्या दीप्तीच्या आई होत्या. एकदा त्या ओट्याशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. अण्णासो आत आले, बायको तिथं आहे हे त्यांना श्वासावरून कळलं.

"काय घावंना?"

"चहाची पूड."

"वरच्या फळीवर, साखरेच्या मागं. कालच तू ठेवलीस, डबा वाजला."

पूड तिथंच होती.

पावसाळ्यानंतर शबनूर त्यांना भेटायला सांगलीला आली. येताना नव्या घरासाठी झालर लावलेले पडदे शिवून आणले होते, माप न घेता, अंदाजानं. ते जरा लांब झाले. दार अण्णासोंनी उघडलं. "ये, शबनूर," ते म्हणाले. ती बोलायच्या आतच, तिच्या बांगड्यांवरून त्यांनी ओळखलं होतं. तिला खुर्ची दाखवली, पंख्याचं बटण दाबलं. आक्काताई बाजारात गेल्या होत्या.

"एकल्याच गेल्यात?" शबनूरनं आश्चर्यानं विचारलं. कोल्हापुरात आक्काताई नवऱ्याला एकटं सोडून कोपऱ्यावर भाजीला गेल्या तरी शबनूरला दारात बसवून जायच्या.

"मीच धाडली. फोन माझ्या खिशात हाय आता, दोरीला बांधून." अण्णासोंनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "वरच्या मजल्यावरची एक बाई तिच्या वळकीची झालीया. दोघी मिळून जातात, आणि यायला उशीर करतात."

आक्काताई आल्या त्या पिशवी एका हातात, चपलेचा तुटलेला अंगठा सावरत. शबनूरला बघून त्यांनी पिशवी तिथंच खाली टाकली. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, त्यांच्या जुन्या खोल्यांत आलेले भाडेकरू कसे आहेत. शेवटी शबनूरनं विचारलं, "करमतंय का आक्का हितं?"

आक्काताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आत अण्णासो पडदे चाचपत होते, झालर किती लांब झाली ते बोटांनी मापत होते.

"यांना करमलं," आक्काताई म्हणाल्या. "मला अजून न्हाय. पण घर माझ्या मनासारखं लागलंय. करमंल." मग त्या उठल्या आणि शबनूरला विचारलं, "भाकरी टाकू का दोन? गाडीला येळ हाय अजून."

"टाका की," शबनूर म्हणाली आणि मदतीला त्यांच्या मागोमाग आत गेली.